हाली सिक्का, कलदार आणि डबीतली परदेशी नाणी: हिशेब कसा लावायचा?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. अंबड तालुक्यातल्या सहा एकर रानाचं जुनं खरेदीखत समजून घ्यायचं आहे. मूळ कागद मोडीत आहे. मोडी वाचकाने हाताने लिप्यंतर करून दिलं आणि ते बाहेर टाइप करून घेतलं. टाइप झालेली ओळ जशीच्या तशी देतो:

"मोबदला रुपये ४३७११ सिक्के हाली, ज्याचे निमे रुपये २१८१११ होतात, रोख भरून पावले. तारीख १५ खुरदाद सन १३४० फसली."

सिक्के हाली म्हणजे नेमके कुठले पैसे? त्याचे कलदारात किती होतात? आणि १३४० म्हणजे इंग्रजी साल कुठलं?

कागदासोबत एक पितळी डबी आहे. तीत चारमिनार छापाचे पाच रुपये, भोकाचे काही बारीक पैसे, जर्मन मार्कची सात-आठ नाणी आणि एका जाड बाईचं चित्र असलेलं १७८० सालाचं मोठं चांदीचं नाणं आहे. यातलं काय अजून चालतं, काय बदलून मिळतं, हेही कळलं तर बरं.

बालाघाट
हाली म्हणजे "आत्ताचा, चालू". निजामाच्या राज्यात जे नाणं त्या घडीला चलनात असायचं ते हाली सिक्का. मीर उस्मान अली खानांच्या काळात सरकारी नाव उस्मानिया सिक्का पडलं, पण बाजारात आणि दस्तात हालीच टिकलं. कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया. कळीवर, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. चारमिनारचा रुपयाही यंत्रावरच पाडला जायचा, तरी ती ओळख इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिली.

दोन्ही रुपयांची फोड सारखीच होती. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. म्हणून जुन्या कागदात नुसतं "रुपये" दिसलं तर घाई करू नका. पुढे हाली आहे की कलदार, हे पाहिल्याशिवाय रक्कम अर्धवटच वाचली असं समजा.

तेरणा_८
१३४० ला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. १९२१-२२ साल येतं.

मोडीवाला_परभणी
@तेरणा_८, ते सूत्र हिजरीचं. दस्तात फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष लिहिलंय, आणि खुरदाद हा महिनाही फसलीचाच आहे. या एका चुकीने नऊ-दहा वर्षांचा घोळ होतो आणि वारसाच्या नोंदी जुळत नाहीत.

हैदराबादची फसली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायची. महिने असे: आजुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. आजुर ते बहमनपर्यंतच्या तारखेत ५९० मिळवा, इस्फंदारपासून पुढे ५९१. खुरदाद सातवा, म्हणजे एप्रिलच्या आसपास. १३४० अधिक ५९१, एप्रिल १९३१.

नाण्यावर मात्र हिजरी सन असतो. तिथे तेरणाभाऊंचं सूत्र बरोबर चालतं. कागदाला फसली, नाण्याला हिजरी, एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं काम झालं.

तेरणा_८
बरोबर आहे, चूक मान्य. खुरदाद शब्दाकडे लक्षच गेलं नाही.

दुधना_सराफी
आता दराचं. हिशेबाच्या वह्यांत एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: ११६-१०-८. म्हणजे हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै दिले की कलदारचे १०० मिळायचे. हा आकडा पाठ करायची गरज नाही. १० आणे ८ पै म्हणजे रुपयाचे दोन तृतीयांश. ११६ पूर्णांक दोन तृतीयांश भागिले १००, म्हणजे सरळ सात भागिले सहा. सात हाली बरोबर सहा कलदार. १९५० मध्ये भारतीय रुपया इकडे आला तेव्हाही हाच दर होता.

हालीचे कलदार करायचे तर सहाने गुणा, सातने भागा. ४३,७११ चे ३७,४६६ रुपये आणि वर नऊ आणे.

पण सहा एकराला १९३१ साली सदतीस हजार कलदार? हे पटत नाही. आकडा परत तपासा.

बालाघाट
मलाही तेच खटकलं. एवढ्या पैशात त्या काळी गावाच्या गावं फिरली असती.

कन्नड_घाट
दराबद्दल थोडं वेगळं मत. सात-सहाचा दर सगळीकडे आणि सगळ्या काळात लागू होता असं धरू नका. एकोणिसाव्या शतकात तर एकाच हालीचा भाव हंगामागणिक हलायचा. कापसाचा पैसा बाहेरून आला की कलदार स्वस्त, सारा भरायच्या वेळी हाली महाग. नाणं जुनं, झिजलेलं किंवा हातघडणीचं असलं की सराफ वर बट्टा कापायचा. त्यामुळे १९०० च्या आधीच्या कागदाला हा दर लावला तर उत्तर चुकेल.

दुधना_सराफी
मान्य, दादा. पण इथे साल १९३१ आहे, त्यामुळे लागू पडतो. आणि हा दर हवेतून आलेला नाही, नाण्याच्या अंगातच आहे. हिशेब करून बघा.

चारमिनार रुपयाचं वजन ११.१७८ ग्रॅम, कस ८१८, म्हणजे हजारात ८१८ भाग चांदी. शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम.
राणीछाप किंवा राजाछाप कलदाराचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळा. कस ९१७. शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम.

९.१४ ला १०.६९ ने भागलं की ०.८५५ येतात. सहाला सातने भागलं की ०.८५७. फरक नावापुरता. सात चारमिनार वितळवा नाहीतर सहा कलदार वितळवा, हाती चांदी जवळपास सारखीच येते. बट्टा चांदीतच बसलेला होता. गावातला सराफ तराजू घेऊन बसायचा तो याच्यासाठी.

मांजरापट्टा
क्या बात है! हे आजवर कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं.

कन्नड_घाट
गणित सुंदर आहे, एक पुरवणी जोडतो. १९४० पासून कलदाराचा कस ५०० वर आणला गेला आणि १९४७ ला तो नुसता निकेलचा झाला. महायुद्धाच्या वर्षांत चांदी कुणालाच परवडत नव्हती. म्हणून वरचं गणित १९४० च्या आधीच्या कलदारालाच लावायचं. डबीतल्या उशिरा पाडलेल्या चारमिनारलाही ८१८ डोळे झाकून धरू नका, तपासून घ्या.

गोदाकाठ
तपासायचं कसं? कसोटीवर घासायला मन होत नाही.

दुधना_सराफी
घासू नकाच. पाण्यातलं वजन करा, नाण्याला ओरखडा पडत नाही.

साहित्य: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, काचेचा पेला, बारीक शिवणाचा दोरा, साधं पाणी. ०.१ ग्रॅमचा काटा इथे बिनकामाचा, कारण खऱ्या-खोट्यातला फरकच दशांशाच्या दुसऱ्या घरात आहे.

आधी कोरडं नाणं तोला. समजा ११.१६ आलं. मग निम्मा भरलेला पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला दोऱ्याचा एक वेढा देऊन ते पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, अधांतरी धरायचं. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते.

चांगल्या चारमिनारला काटा १.१० च्या आसपास थांबतो आणि घनता १०.१ ते १०.२ येते. कस ५०० असेल तर घनता ९.७ च्या आसपास. तांबे-निकेलचा नकली ठोकळा असेल तर तेवढ्याच वजनाला काटा १.२५ दाखवतो, घनता ८.९.

चूक होते ती बुडबुड्यांमुळे. अक्षरांच्या खाचेत हवा अडकली की आकडा वाढतो आणि चांगलं नाणं खोटं ठरतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं बुडवून हलकेच झटका द्या, बुडबुडे गेले की मगच वाचा. तीन वेळा करा. पंखा बंद ठेवा, काटा हलतो.

मांजरापट्टा
नाणी काळी पडली असतील तर आधी चिंच आणि राखेने लख्ख करून घ्या, मग तोलायला सोपं जाईल.

बालाघाट
नको, नको, नको! मांजराभाऊ, हात जोडून सांगतो, हा सल्ला कुणी पाळू नका. चिंचेतलं आम्ल आणि राखेची घास, दोन्ही नाण्याचा वरचा थर खातात. चारमिनारच्या रुपयात सर्वात आधी मरतं ते मधल्या दरवाजातलं अक्षर, आणि नाण्याची ओळख तर तिथेच आहे.

भिंग घेऊन मधली कमान पाहा. महबूब अली खानांच्या नाण्यात तिथे मीम हे फारसी अक्षर आहे, उस्मान अली खानांच्या नाण्यात ऐन. ऐनाचेही दोन प्रकार. एक पूर्ण, शेपटी खाली वळलेला. दुसरा तोकडा, नुसतं डोकं. जाणकार यावरून नाणी वेगळी लावतात. अक्षराची उंची केसाएवढी असते, राखेच्या एका रगड्यात ते सपाट होतं. मग उरतो तो नुसता चांदीचा तुकडा.

मांजरापट्टा
समजलं. सल्ला मागे घेतो. घरोघरी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी हेच चालतं, म्हणून लिहिलं.

बालाघाट
म्हणूनच जोरात लिहिलं, राग मानू नका. पूजेचे रुपये वेगळे काढा, ते खुशाल उजळा. संग्रहाच्या नाण्याला फार तर ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर ठेवा आणि मऊ सुती कापडावर टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या थैल्या टाळा. पीव्हीसी असतं त्यात. दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचा हिरवा चिकट थर नाण्यावर चढतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या कपाटात ते फार लवकर होतं. असा थर आला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. तांब्याच्या पैशावर फिकट हिरवी भुकटी फुटत असेल तर तो रोग पसरणारा आहे. तो पैसा आधी वेगळा काढा.

लमाणतांडा_किनवट
नाण्याला कडी लावलेली असेल तर काय? तांड्यावरच्या जुन्या दागिन्यांत चारमिनार आणि राणीछाप दोन्ही ओवलेले असतात.

दुधना_सराफी
कडीचा टाका काढायला सोनाराकडे देऊ नका. टाका उतरवताना नाणं तापतं, कड वितळते आणि डाग कायमचा राहतो. टाका लागला की संग्राहकाच्या लेखी किंमत पडते, हे खरं. पण दागिना अख्खा असेल तर तो दागिना म्हणूनच मोलाचा. सुटी नाणी करून दोन्हीकडून नुकसान होतं. पाण्यातलं वजनही अशा नाण्याला चालत नाही, टाक्याचा धातू आकडा बिघडवतो.

मोडीवाला_परभणी
नाण्यावरचा सन वाचताना अडेल, म्हणून लिहितो. फारसी आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. एक म्हणजे उभी दांडी. दोनाच्या डोक्याला एक दाता, तीनाला दोन. पाच बदामासारखा. सात वर उघडा, आठ खाली उघडा, या दोघांत गल्लत फार होते, म्हणून आधी नाणं सुलट धरलंय का ते पाहा. चारमिनारचे मिनार वर असले की सुलट.

कुठे ९२ हा आकडा दिसला तर ते साल नव्हे. अक्षरांना अंक देण्याच्या अबजद पद्धतीत मुहम्मद या नावाची बेरीज ९२ होते. मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. मोगल बादशहाचं नाव १८५७ नंतर नाण्यावरून गेलं, तेव्हापासून हा आकडा आसफजाही, म्हणजे निजामाच्या नाण्यांवर आहे.

पैठण_दरवाजा
आणि हालीच्या नोटा? त्या कुणीच बोलत नाही.

कन्नड_घाट
नोटांचा कायदा १९१८ चा. पहिल्या महायुद्धात चांदी मिळेनाशी झाली म्हणून कागद आला. आधी १० आणि १०० च्या, १९१९ मध्ये १ आणि ५ च्या, १९२६ मध्ये १,००० ची. नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत छापलेली. आपल्या मराठीत छापलेली ती नोट हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला त्या लंडनहून छापून यायच्या, पुढे नाशिकच्या छापखान्यात होऊ लागल्या. असाच एक गठ्ठा घेऊन येणारं इजिप्त नावाचं जहाज २० मे १९२२ ला फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धडकून बुडालं. पुढे इटालियन गोताखोरांनी सोन्याबरोबर त्या नोटाही वर काढल्या. पाण्याचा डाग असलेल्या त्या नोटा संग्राहक आज वेगळ्या मोलाने घेतात.

चलन म्हणून हाली १९५९ ला संपलं. नाणं असो की नोट, आता कुठल्याही बँकेत बदलून मिळत नाही.

गोदाकाठ
बाकीच्या डबीचं? मार्क आणि ती १७८० ची बाई?

पैठण_दरवाजा
ती बाई म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा, आणि ते नाणं थेलर. ती वारली १७८० ला, पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांना, येमेन आणि इथिओपियात, व्यापाऱ्यांना हेच नाणं हवं असायचं. साल बदललं की ते घेईनात, म्हणून त्याच सालाचा छाप पुढे दीडशे-दोनशे वर्षं पाडत राहिले. व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस, आणि दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही! तेव्हा १७८० वाचून ते अडीचशे वर्षांचं आहे असं धरू नका, बहुतेक फार अलीकडचं निघतं.

वजन २८.०७ ग्रॅम, व्यास साडेएकोणचाळीस मिलिमीटर, कस ८३३. पाण्यात काटा २.७५ दाखवेल. कडेवर दाते नसतात, उठावाची लॅटिन अक्षरं असतात. कड गुळगुळीत असेल किंवा मध्ये जोड दिसत असेल तर ते ओतीव आहे.

उदगीर_किल्ला
मार्कचं मी सांगतो. युरो आल्यावर प्रत्येक देशाने वेगळी मुदत ठेवली, म्हणून "युरोपातलं जुनं नाणं" असा एक प्रश्न नसतो, देश पाहावा लागतो.

जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्कची नाणी आणि नोटा दोन्ही आजही बदलून देते, शेवटची तारीख ठेवलेलीच नाही. दर १.९५५८३ मार्कला एक युरो, शुल्क नाही. ऑस्ट्रियाचा शिलिंगही असाच बेमुदत. नेदरलँड्सच्या गिल्डरच्या नोटांना १ जानेवारी २०३२ पर्यंत मुदत आहे, नाण्यांची केव्हाच संपली. फ्रान्सचा फ्रँक १७ फेब्रुवारी २०१२ ला बंद झाला. इटलीने लिराची मुदत ठरलेल्या दिवसाआधीच, ६ डिसेंबर २०११ ला, आटपली. लोकांच्या कपाटात नोटा तशाच राहिल्या. स्पेनचा पेसेटा ३० जून २०२१ पर्यंत होता.

पण मार्क कुठला ते आधी बघा. नाण्यावर "बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांट" असेल तर पश्चिमेचा, बदलतो. हातोडा आणि कंपास असलेलं, उचलल्यावर पंखासारखं हलकं ॲल्युमिनियमचं नाणं पूर्व जर्मनीचं. त्याचं चलनमूल्य १९९० च्या जुलैतच गेलं. "राइख" शब्द असलेलीही बदलत नाहीत.

सात-आठ नाण्यांसाठी टपालखर्च करणं परवडणार नाही. तिकडे जाणारं कुणी असेल तर त्यांच्याकडे द्या.

मांजरापट्टा
आणि झिम्बाब्वेची ती भलीमोठी नोट? किती शून्यं असतात?

उदगीर_किल्ला
चौदा. शंभर ट्रिलियन डॉलर, म्हणजे एकावर चौदा शून्यं, २००९ च्या जानेवारीतली. त्याआधीच तिथे २००६ ला तीन आणि २००८ ला दहा शून्यं छाटून झाली होती. २०१५ ला हिशेब मिटवला तेव्हा ३५ क्वाड्रिलियनला, म्हणजे पस्तिसावर पंधरा शून्यांना, एक अमेरिकी डॉलर असा दर लागला. त्याहून भयंकर हंगेरीचा पेंगो. १९४६ च्या ऑगस्टमध्ये फोरिंट आला तेव्हा एका फोरिंटला चारावर एकोणतीस शून्यं एवढे पेंगो पडले. चांदी नाही, कागद नुसता. दुधनाभाऊंचा तराजू तिथे कामाचाच नव्हता.

औसा_वेस
आपल्याकडच्या बंद नोटांतली एक जात सांगायची राहिली. आखाती देशांत १९५९ पर्यंत साधा भारतीय रुपयाच चालायचा. त्यावर सोन्याची तस्करी होऊ लागली म्हणून रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. दहाची लाल, शंभराची हिरवी, नंबरापुढे झेड अक्षर. कुवेतने १९६१ ला दिनार आणला, बहारीनने १९६५ ला, आणि जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर उरलेल्यांनीही पाठ फिरवली. ओमानने १९७० पर्यंत वापरल्या. हज यात्रेकरूंसाठीच्या नोटांवर "हज" छापलेलं असे आणि नंबरापुढे एचए.

मराठवाड्यातून हजला आणि आखातात गेलेली घरं पुष्कळ आहेत. जुन्या पाकिटात विचित्र रंगाची दहाची नोट निघाली तर नकली समजून फाडू नका.

बालाघाट
आणि निघाली तर समाजमाध्यमावर "लाखो रुपये देऊ" म्हणणाऱ्याला फोनही करू नका. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, ७८६ नंबर, वैष्णोदेवीचं नाणं, सगळ्यांचा डाव एकच. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून हे चालतं म्हणून ऑगस्ट २०२१ ला बँकेने स्वतः जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नाही आणि कुणाला कमिशन घ्यायला नेमलेलंही नाही. घेणारा पैसे देतो, मागत नाही. पुढे सांगायची गरजच नाही.

भोकरदन_टेकडी
शेतात निघालेल्या नाण्यांचं थोडक्यात. पैठण, तेर, भोकरदन या पट्ट्यात नांगराला सातवाहनांची नाणी लागतात. १८७८ च्या कायद्याने जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. कागदात गुंडाळून कुरिअरने धाडू नका.

मोडीवाला_परभणी
मूळ दस्ताकडे परत येतो. गोदाकाठ, तुमची ओळ दोन दिवस डोक्यात घोळत होती. आत्ता उलगडा झाला.

तुम्ही लिहिलंय, रुपये ४३७११, ज्याचे निमे २१८१११. निमे म्हणजे अर्धे. ४३,७११ चे अर्धे २,१८,१११ कसे होतील? अर्धे पूर्णापेक्षा पाचपट? जुन्या दस्तात रक्कम आणि तिचे निमे दोन्ही लिहायचे ते याच्याचसाठी, की कुणी पुढे एखादा आकडा चिकटवला तर खोट उघडी पडावी. नव्वद वर्षांनी तेच कामी आलं.

ते अकरा नाहीत. त्या दोन उभ्या दांड्या आहेत. जुन्या लेखनात रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी दांडी म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन दांड्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. त्यापुढे आडवी रेघ म्हणजे एक आणा, दोन रेघा दोन आणे. जुन्या धार्मिक पुस्तकांवर किंमत ॥=) अशी छापलेली असते, ती दहा आणे. टाइप करणाऱ्याला खूण माहीत नव्हती, त्याने दांडीचा एक केला.

खरी ओळ अशी: रुपये ४३७॥, ज्याचे निमे २१८॥।. चारशे साडेसदतीस, आणि निमे दोनशे अठरा रुपये बारा आणे. पैचाही फरक नाही, हिशेब चोख.

दुधना_सराफी
वा, मोडीवाले! आता साताचा पाढा लावा. ४३७॥ ला सहाने गुणलं की २६२५. सातने भागलं की बरोबर ३७५ कलदार. वर पैसुद्धा उरत नाही!

हाली चारशे साडेसदतीस असा तिरपागडा आकडा आणि कलदार मात्र गोल पावणेचारशे. माझा कयास असा की सौदा कलदारात तुटला असावा, एकरी साडेबासष्ट कलदार, आणि राज्याचं चलन म्हणून दस्तात त्याचे हाली करून लिहिले. सहा एकराला साडेबासष्टने ३७५ च होतात.

कन्नड_घाट
हे मात्र बिनतोड. माझी दराची शंका या दस्तापुरती मिटली. दर सात-सहाचाच लावलाय, हे आकडाच सांगतो.

गोदाकाठ
हाताने लिहिलेलं लिप्यंतर काढून पाहिलं. दांड्याच आहेत. आकड्यांपेक्षा किंचित लांब आणि शिरोरेघेच्या वर गेलेल्या, आणि तिसरीनंतर छोटा ठिपका. सगळ्यांचे मनापासून आभार.

चारमिनारही तोलले. चार नाण्यांची घनता १०.१ ते १०.२ च्या आत आली, कमानीत तोकडा ऐन. पाचव्याचा काटा १.२४ वर थांबतोय, वजन ११.१.

दुधना_सराफी
बुडबुडे काढून तीन वेळा तोच आकडा येतोय का? येत असेल तर घनता ८.९५, ते चांदीचं नाही. कड भिंगाखाली फिरवून पाहा. दाते एका जागी पुसट होऊन जोडरेघ दिसली तर साच्यात ओतलेलं आहे. टाकू नका. "नकली" अशी चिठ्ठी लावून खऱ्या चारांशेजारी ठेवा, पुढच्या वेळी नजर तयार करायला उपयोगी पडेल.

मोडीवाला_परभणी
आणि टाइप केलेली प्रत कुठे दाखल करण्याआधी ती ओळ मोडी वाचकाकडून दुरुस्त करून, सहीनिशी घ्या. रक्कम अक्षरी लिहायला सांगा: चारशे सदतीस रुपये आठ आणे, सिक्के हाली.